उचलून घेणं आणि चढता येणं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



खरं तर शाळेतल्या गमतीजमती सांगायच्या ठरल्या होत्या. मी मात्र एका मैत्रिणीची गोष्ट सांगणार आहे. ती समोर पहिल्याच रांगेत बसली आहे आणि तिला विचारूनच सांगते आहे.

पोलिओमुळे तिच्या पायाला कॅलिपर, हातात कुबडी. शाळा सुटली की आम्ही दोघी-तिघी तिला काखेत धरून बसमध्ये चढवायचो. केवढी मदत करतोय असं वाटायचं! दहावीला तिला माझ्याहून जास्त मार्क होते. मी कोल्हारहून लोणीला अकरावीला गेले, पुढे इंजिनिअर झाले. ती गेली नाही. घरची अडचण असेल, असं आपण धरून चाललो. परवा फोनवर ती म्हणाली, "अगं, रोज दोन वेळा अनोळखी माणसांनी उचलायचं, ते मला नको होतं." इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी आपल्या नगरहून पुण्याला सुटली, याचा आपल्याला अभिमान आहे. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलतही मिळते. पण सवलत घ्यायला आधी गाडीत चढता आलं पाहिजे.

कायदा हेच सांगतो. पहिला कायदा १९९५ चा, नंतरचा २०१६ चा. १ मार्च २०२० पासूनच्या नियमांनुसार बसमध्ये राखीव आसन, त्याच्याजवळ धरायला दांडा, कुबडी-काठी ठेवायची सोय, व्हीलचेअर आत घेण्याची आणि जागेवर पक्की करण्याची व्यवस्था हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं, की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते सक्तीचे करा.

आता थोडं गणित. व्हीलचेअरच्या उताराला १ फूट चढायला १२ फूट लांबी लागते. बसचा तळ ३ फूट उंच धरला, तर उतार ३६ फुटांचा! म्हणून फळी टाकून भागत नाही. फलाट उंच करावा लागतो, गाडीचा तळ खाली आणावा लागतो, नाहीतर दाराशी लिफ्ट बसवावी लागते. याचा उपयोग डोक्यावर बोजा घेतलेल्या बाईला, गरोदर सुनेला, म्हाताऱ्या आजोबांनाही होतो. आणि आपले गुडघे तरी कुठे पूर्वीचे राहिलेत?

दुसऱ्या कुणाला दोष देण्याआधी आपल्याच मंडपाकडे बघूया. मघाशी सत्काराला सगळे वर आलो. तिच्यासाठी मात्र सरांना खाली उतरावं लागलं. स्टेज आपणच ठरवलं, २ फूट उंच, ४ पायऱ्या. २४ फुटांच्या उताराला बाजूला जागा होती, पण आपल्या यादीत तो नव्हता. यादी करताना तिला विचारलं नव्हतं.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या मेळाव्याच्या खर्चात उतार आधी धरूया. आणि आपल्या भागातल्या बस आणि स्टँडबद्दल एक निवेदन देऊया. काय हवं ते ती सांगेल, मी टाईप करीन. सह्या सगळ्यांच्या, पण पहिली सही तिची.