थंडीतली दापोली

नाताळची सुट्टी, हातात दोन-तीन दिवस, मुलांना समुद्र हवा आणि आजी-आजोबांना गारवा. अशा वेळी थेरगावकरांनी दापोलीचा विचार जरूर करावा. डांगे चौकातून निघून चांदणी चौक, मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, लोणेरे, आंबेत, मंडणगड असा रस्ता. पाच-सहा तास धरा. घाटात घाई नको. वाटेत पालगड लागतं, साने गुरुजींचं जन्मगाव. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, म्हणजे ऐन याच दिवसांतला.

दापोली समुद्रापासून सात-आठ किलोमीटरवर, पण उंची सुमारे आठशे फूट. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते आणि पहाटे कोकणातही स्वेटर लागतो. ब्रिटिशांनी इथे लष्करी छावणी टाकली, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठही इथलंच.

एक संध्याकाळ मात्र जवळच्या हर्णै बंदराला राखून ठेवा. होड्या किनाऱ्याला लागतात, वाळूतच मासळीचा लिलाव पुकारला जातो. सुरमई, पापलेट, कोळंबी. भाव ऐकताना मुलं हिशेब शिकतात, मोठे विसरतात! समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५मध्ये पेशवे आणि इंग्रजांनी मिळून घेतला. बोटीने जायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारा, आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका.