व्यापाराची विद्या आणि मरोळची मुले

(मरोळ येथे भरलेल्या पालकांच्या सभेत केलेले भाषण)



सभेस आरंभ होण्यापूर्वी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आम्हांस एक प्रश्न घातला. बाई मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात बसतात. मुलगी यंदा वाणिज्य शाखेतून बारावी पास झाली. सीप्झमधल्या दागिन्यांच्या एका कारखान्यात माल मोजून पाकिटे भरण्याचे काम तिला चालून आले आहे आणि पगार पहिल्या महिन्यापासून आहे. मुलगी मात्र हटून बसली आहे की, मला विद्यापीठात परदेशी व्यापार आणि व्यवस्थापन शिकावयाचे. बाई आम्हांस म्हणाल्या, "दादा, धंदा कधी शिकावा लागतो का? माझी आय कंच्या कॉलेजात गेली होती?" आम्ही निराळे भाषण लिहून आणले होते, ते खिशातच ठेवले आहे. या बाईंस उत्तर देता आले तर आजची सभा कारणी लागली असे आम्ही समजू.

बाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. बोंबील किती वाळला हे बोटाने दाबून ओळखणे, भाव केव्हा सोडावा व केव्हा धरून ठेवावा, कोणत्या गिऱ्हाइकास उधारी द्यावी आणि कोणास तोंडावर नाही म्हणावे, हे कोणत्याही प्राध्यापकाने आमच्या कोळणीस शिकविलेले नाही. उलट, प्राध्यापकांनी चार दिवस टोपलीशेजारी बसून पाहावे असे आम्हांस वाटते. मग कमी कोठे पडते? ते बोंबलाच्याच गोष्टीवरून सांगतो.

१९९७ साली युरोपीय संघाने आपल्याकडून जाणाऱ्या मासळीवर बंदी घातली. विलायतेत राहणारे आपले लोक व तेथील खाणावळी सुका बोंबील मागवीत असत, तो बंद पडला. आता यात गंमत अशी की, बोंबील नासका निघाला म्हणून काही तो अडला नव्हता. त्यांचा नियम असा पडला की, मासळी यावयाची ती त्यांनी मान्य केलेल्या, गोठविण्याच्या किंवा डबाबंद करण्याच्या कारखान्यातूनच यावी. आमचा बोंबील बांबूच्या काठ्यांवर दोऱ्या ताणून समुद्राच्या वाऱ्यावर वाळतो. त्याला कारखाना कोठला? पुढे विलायतेतील बोंबीलप्रेमी मंडळींनी खटपट केली, लिहालिही केली, आणि मग असे ठरले की, बोंबील उघड्यावर वाळला तरी चालेल, मात्र त्याचे पाकीट मान्यताप्राप्त पॅकिंग केंद्रात भरले गेले पाहिजे. म्हणजे अडचण होती ती शेवटच्या पाकिटाची! वाळवणारे हात आमचे, खटपट करणारे मात्र सातासमुद्रापलीकडचे खाणारे. आमच्या किनाऱ्यावर तो नियम वाचणारे, त्याला उत्तर लिहिणारे किती निघाले असते, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. आणि मौज पाहा: देशातील पॅकिंगची विद्या शिकविणारी मोठी संस्था, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग, १९६६ साली निघाली, तिचे मुख्य ठिकाण आपल्या या अंधेरीच्या एमआयडीसीतच आहे. मासळीबाजारापासून ती हाकेच्या अंतरावर, परंतु बाजारातल्या किती मुलांनी तिचे दार पाहिले आहे?

दुसरी गोष्ट आमची स्वतःची आहे. ती सांगताना आजही मान खाली जाते. तिशीच्या आत असताना आम्ही एका इलेक्ट्रॉनिक मालाच्या कंपनीत निर्यात खात्यात कारकून होतो. टंकलेखन चांगले, इंग्रजी बरे, एवढ्यावर नेमणूक झालेली. परदेशी गिऱ्हाइकाने बँकेमार्फत पतपत्र पाठविले होते. पतपत्र म्हणजे काय? गिऱ्हाइकाची बँक म्हणते, अमुक माल अमुक तारखेच्या आत चढविल्याचे कागद आम्हांस दाखवा, आम्ही पैसे देतो. बँक माल पाहत नाही, ती फक्त कागद पाहते. हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. मालाचे लांबलचक वर्णन पतपत्रात होते, ते आम्ही बिलात आखडून लिहिले. शिवाय माल सहारच्या गोदामात पडून राहिला आणि विमानाच्या बिल्टीवर शेवटच्या मुदतीनंतरची, दुसऱ्या दिवसाची तारीख पडली. माल चोख होता, वेळेवर पोचला होता. तरी बँकेने कागद नाकारले. इतक्यात तिकडे मालाचा भाव उतरला होता. गिऱ्हाइकाने ती संधी साधली आणि किंमत कमी करा, नाहीतर माल तुमचा तुम्ही परत न्या, असे कळविले. हजारो मैलांवर पडलेला माल कोण परत आणतो? कंपनीने मुकाट्याने किंमत उतरविली आणि आमची त्या वर्षीची पगारवाढ गेली. चूक आमची होती, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच खोलीत कॉलेजातून नुकताच आलेला एक पोरगा होता. त्याने कागद हातात घेतले आणि दोन मिनिटांत दोन्ही दोष बोटाने दाखविले. तो काही आमच्याहून हुशार नव्हता. त्याला हे शिकविलेले होते, एवढेच.

बाई, परदेशी व्यापारात टोपलीतल्या धंद्याहून जे निराळे आहे ते हेच. गिऱ्हाईक समोर नाही, त्याचे तोंड दिसत नाही, त्याचे नाणे निराळे, कायदा निराळा. माल दर्यात बुडाला तर नुकसान कोणाचे, हे आधी लिहून ठेवावे लागते. जगातील व्यापाऱ्यांच्या मंडळाने यासाठी १९३६ सालीच ठराविक संज्ञा बांधून दिल्या आणि वेळोवेळी त्या सुधारल्या, शेवटच्या २०२० साली. तीन इंग्रजी अक्षरे चुकली की जहाजभाडे कोणाच्या अंगावर पडेल सांगता येत नाही. विद्यापीठात हिशेब, अर्थशास्त्र, करारांचा कायदा, विमा, हुंडणावळीचे भाव, वाहतूक, माणसे सांभाळण्याची रीत हे सारे शिकवितात ते याकरिता. नावे इंग्रजी आहेत म्हणून बुजू नये. हुंडी, बिल्टी, अडत, विमा, जांगड हे शब्द आपल्या पेठांत पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहेत. पसंतीसाठी नेलेल्या मालाला हिरे-बाजारात आजही जांगडच म्हणतात. विद्या नवी नाही. ती ज्यांच्या वहीत होती त्यांनी वही आपल्याला उघडून दाखविली नव्हती.

आता सीप्झची भिंत आपण सर्व रोज पाहतो. १९७३ साली ते सुरू झाले, प्रथम इलेक्ट्रॉनिक मालासाठी. पुढे १९८० नंतरच्या दशकात जडजवाहिराचे कारखाने आले. या भिंतीच्या आत एक जुने पडके चर्च आहे, ते येथे पूर्वी कोणाची वस्ती होती याची साक्ष देते. जकातीच्या कामापुरती ही भिंत म्हणजे देशाची सरहद्दच समजतात. आतला माल बाहेर मरोळात आणावयाचा तर परदेशातून आणल्यासारखी जकात भरावी लागते. म्हणजे आपल्या दाराशी परदेश आहे आणि आपली मुले रोज डबा घेऊन तेथे जाऊन येतात. परंतु जातात ती पॉलिश करावयास, मोजावयास, राखण करावयास. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या दागिन्यांसह पुष्कळ मालावरील वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा अमेरिकेच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या सीप्झमध्ये धसका बसला. काम करणाऱ्या पुष्कळांस हे आपल्यावर कोठून आले याचा पत्ताच नव्हता. जकात परक्याने लावावी, आणि काम आमच्या पोराचे कमी व्हावे, हा हिशेब ज्याला मांडता येत नाही त्याला कोणी काहीही सांगावे व त्याने ते मुकाट्याने ऐकावे.

कोणी म्हणेल, ही विद्या आपल्या लोकांची नव्हे. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जोतीराव फुले शाळा काढीत होते हे सर्वांस ठाऊक. परंतु धातू ओतण्याच्या साहित्याचा व्यापार आणि सरकारी बांधकामाची कंत्राटेही ते करीत होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. सिडनहॅम कॉलेज मुंबईत १९१३ साली निघाले. वाणिज्य शिकविणारे आशियातील ते पहिले कॉलेज मानतात. तेथे १९१८ साली अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यापूर्वी त्यांनी शेअरबाजारासंबंधी सल्ला देण्याची पेढी काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाइके येऊ लागली होती. सल्लागाराची जात कळताच ती बंद झाली. बाबासाहेबांनी काय केले? कॉलेजातल्या पगारातून पैसा साठविला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. तेथे त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. तो १९२३ साली ग्रंथरूपाने निघाला. रुपयाचा भाव परदेशी नाण्यांशी कसा बांधावा, हा त्याचा विषय. म्हणजे बाईंच्या मुलीला जो विषय शिकावयाचा आहे त्याचेच ते मूळ आहे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही दलाल ठरू. पदवी घेतली की व्यापार आला, हे खोटे आहे. मार्गदर्शिका पाठ करून पदवीधर झालेली आणि बिल्टी डोळ्यांनी न पाहिलेली मुले आम्ही नोकरीच्या मुलाखतीत पुष्कळ पाहिली. व्यवस्थापनाच्या वर्गातले भारदस्त शब्द बोलणारी, पण व्याजाचा हिशेब करताना अडखळणारी मुलेही पाहिली. शिवाय अभ्यासक्रमाच्या पाट्यांत मोठा घोळ आहे. मुंबई विद्यापीठाने १९९९ साली व्यवस्थापनाची पदवी सुरू केली. २०२४ साली अशा पदव्या तंत्रशिक्षण परिषदेच्या देखरेखीखाली आल्या आणि राज्याची प्रवेशपरीक्षा लागू झाली. तेव्हा कित्येक कॉलेजांनी पाटी बदलून तोच अभ्यास बी.कॉम.च्या नावाखाली ठेवला. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी स्पष्ट विचारावे: पदवीचे नाव काय, परीक्षा लागते का, आणि सवलत मिळते का?

सवलतीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मात्र प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. बाकीच्या वर्गांच्या योजना निराळ्या आहेत. पाटीच्या घोळात चुकीच्या दाराने आत गेले तर ही माफी हातची जाण्याचा धोका आहे.

परंतु बाई, फी माफ होते, बुडालेला पगार कोणी माफ करीत नाही. तुमची खरी अडचण ती आहे, आणि ती आम्ही जाणतो. वाणिज्याचे वर्ग मुंबईत बहुधा सकाळी असतात. दुपारी सहारच्या मालधक्क्याशी काम करणाऱ्या एखाद्या जकात-एजंटाच्या कचेरीत मुलीने अर्धवेळ राहावे. पगार पाकिटे भरण्याच्या निम्मा मिळेल, कदाचित त्याहूनही कमी. पण सकाळी वर्गात वाचलेला कागद दुपारी हातात येईल. तीन वर्षे घर ओढीने चालेल, हे आम्ही लपवीत नाही. रविवारी बाजारात बसून तिने आईचा हिशेबही लिहावा; त्यात कमीपणा नाही.

उरलेली निम्मी तूट कोणी भरावी? येथे बसलेल्या मंडळाच्या कारभाऱ्यांकडे पाहून आम्ही बोलतो. मांडव, दिवे आणि कर्णे यांवर दर वर्षी काय खर्च होतो ते तुमच्या वहीत आहे. ती वही आम्ही पाहिली आहे. एक वर्ष एक कर्णा कमी लावा. त्या पैशात एका मुलीचा प्रवास आणि पुस्तके निघतात. हा ठराव आज येथेच मांडावा अशी अध्यक्षांस विनंती आहे. विरोध करणाऱ्याने उभे राहून करावा.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता आम्ही याच जागी बसणार आहोत. ज्यांस अर्ज भरावयाचे आहेत त्यांनी गुणपत्रिका, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पुस्तक घेऊन यावे. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसील कचेरीत दिवस लागतात, तो अर्ज उद्याच टाका. आणि बाई, तुम्ही मुलीबरोबर या. आमच्याजवळ जुन्या बिल्ट्यांच्या नकला आहेत. त्या तुम्हां दोघींनाही दाखवू.