वकिलाची लेखणी
(सिल्लोड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज सत्कार झालेल्या विद्यार्थ्यांत कायद्याची पदवी घेतलेली मुलेमुलीही आहेत, हे पाहून आम्हांस विशेष संतोष वाटला. त्यांच्यापैकी एकाने मघाशी आम्हांस विचारले, "वकिली करून वृत्तपत्रात लिहिता येईल काय? घरची मंडळी म्हणतात, दोन डगरींवर पाय ठेवू नकोस." हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नाही. म्हणून त्याचे उत्तर येथे सर्वांसमक्ष देत आहोत.

प्रथम आमच्या घरची हकीकत सांगतो. आमचे वडील रोज वर्तमानपत्र वाचीत. एके दिवशी त्यात एक जाहीर नोटीस आली. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मध्ये हक्क, हितसंबंध, गहाण, दान, बोजा यांची लांबलचक माळ, आणि बारा ओळींनंतर एकच पूर्णविराम. त्या माळेत आमच्या सामाईक शेताचा गट नंबर होता. वडिलांनी नोटीस वाचली, पण ती आपल्याविषयी आहे हे त्यांच्या ध्यानी आले नाही. मुदत उलटली, खरेदीखत झाले, आणि जे काम एका अर्जाने भागले असते, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या वर्षानुवर्षे झिजवाव्या लागल्या. वडील निरक्षर नव्हते. नोटीस मराठीतच होती. उणीव होती ती लिहिणाऱ्याची.

आपल्या मराठवाड्यास हे दुःख जुनेच आहे. निजामी अमलात दरबारचा व न्यायालयाचा व्यवहार उर्दूत चाले. मराठी कुणब्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. 1937 साली आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. त्यावर बंदी आली, तेव्हा ते निरनिराळ्या नावांनी काढावे लागले. 17 सप्टेंबर 1948 रोजी ती राजवट संपली. पुढे 1964 चा राजभाषा अधिनियम आला, 1981 साली औरंगाबादेस उच्च न्यायालयाचे खंडपीठही आले. न्यायालय जवळ आले. न्यायालयाची भाषा मात्र अजून पुरती जवळ आलेली नाही.

ही दरी बुजविण्याचे काम महाराष्ट्रात ज्यांनी केले, त्यांत कायदा शिकलेले पुरुष अग्रभागी होते. लोकमान्य टिळक 1879 साली एल्‌एल्‌.बी. झाले. त्यांनी वकिलीचा धंदा थाटला नाही. पण कायद्याचा वर्ग चालविला, आणि 1881 साली निघालेल्या 'केसरी'तून राज्यकारभाराचे प्रश्न साध्या मराठीत मांडले. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. शिक्षा टळली नाही. सहा वर्षे मंडालेस काढावी लागली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर याहून जवळचे. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय ही त्यांच्याच संस्थेची देणगी. 1920 साली त्यांनी 'मूकनायक' काढले, पुढे बॅरिस्टर होऊन मुंबईस वकिली सुरू केली. 20 मार्च 1927 रोजी महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. प्रतिपक्ष दिवाणी न्यायालयात गेला; डिसेंबरात तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो लोक महाडास जमले असता बाबासाहेबांनी त्यांची समजूत घालून तळ्यावर जाणे स्थगित ठेविले. पुढे दहा वर्षे दावा चालला, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रतिपक्षाचे अपील फेटाळले. न्यायालयात हक्क सिद्ध करणे आणि तो हक्क लोकांना समजावून देणे, ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत.

आता नियमाचे बोलू. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणे वकिलास पगारी पूर्णवेळ नोकरी करता येत नाही व जाहिरातही करता येत नाही. मात्र या मर्यादा पाळून वृत्तपत्रलेखन, नभोवाणीवरील भाषण आणि अध्यापन करण्यास मुभा आहे. 2024 साली हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे निघाला, तेव्हाही वकिलाने पूर्णवेळ पत्रकारिता करू नये, असेच परिषदेने सांगितले. म्हणजे, मुला, तुला लिहिता येईल. बातमीदाराची नोकरी मात्र पत्करता येणार नाही.

आणखी दोन पथ्ये आहेत. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट लेखात कधीही येऊ नये. ते गुपित त्याचे आहे, वकिलाचे नव्हे. आपण चालवीत असलेल्या दाव्याविषयीही लिहू नये. तेथे आपण पक्षकाराचे बोलतो, आणि वाचकाला मात्र वाटते की आपण त्रयस्थ आहोत. एका हातात वकीलपत्र असता दुसऱ्या हाताने निवाडा लिहिणे शोभत नाही.

मग लिहावे काय? फेरफाराची नोटीस आल्यास पंधरा दिवसांत हरकत कशी घ्यावी, वारसनोंद कशी करावी, बहिणीच्या हक्कसोडपत्राचा अर्थ काय, हे लिहावे. मका-कापसाच्या बाजारास सिल्लोडला येणाऱ्या शेतकऱ्याला एका वाचनात कळेल असे लिहावे. 'सदरहू मिळकतीवर कोणाही इसमाचा' असे न लिहिता, "हे शेत विकले जाणार आहे, यात तुमचा हिस्सा असल्यास अमुक तारखेच्या आत या पत्त्यावर कळवा," असे लिहिता येते. त्याने कायद्याचे वजन कमी होत नाही. आमच्या वडिलांना एवढेच एक वाक्य हवे होते.

आईवडिलांस आमची विनंती आहे की, मुलाच्या हातची लेखणी काढून घेऊ नका. आणि तरुण वकिलांनो, पहिला लेख लिहाल तेव्हा तो छापावयास देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा. त्यांना न अडखळता समजला, तर तो खुशाल पाठवा. न समजला, तर घरी बसून पुन्हा लिहा.