मुलांचा दमा : मशीन की पंप?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ऊसतोड सुरू झाली, पाचट पेटू लागले आणि गोदाकाठची थंडी उतरली, की आपल्या पुणतांब्यात मुलांच्या धापा सुरू होतात. मग रात्री-अपरात्री श्रीरामपूर नाहीतर कोपरगाव गाठायचे. जावेच्या मुलापाशी मी दवाखान्यात चार रात्री बसले होते. तेथे डॉक्टरांना विचारविचारून जे उमगले, ते सांगते.

तेथे बहुतेक आयांचा हट्ट एकच, "मशीन लावा, पंप नको." मशीन घरघरते, वाफ दिसते, म्हणून ते भारी, पंपाची मात्र म्हणे सवय लागते! वास्तविक दोहोंत औषध एकच, साल्ब्युटामॉल. आवळलेल्या श्वासनळ्या ते सैल करते. पंपाला स्पेसर म्हणजे पोकळ नळकांडे जोडले आणि लहानग्याला मास्क लावला, की औषध घशात न आदळता छातीत उतरते. देशोदेशीच्या मुलांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या आहेत. भरती करावी लागण्याचे प्रमाण सारखेच निघाले. उलट स्पेसरवाल्या मुलांची तातडीच्या विभागातून सुटका लवकर झाली आणि छातीची धडधडही कमी राहिली. मात्र ओठ निळे पडले, जिवावर बेतले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्राणवायूवर चालणारे मशीनच हवे.

आणि ही वाफ म्हणजे आपली ओव्याची वाफ नव्हे. ते औषधाचे गार तुषार असतात. धापणाऱ्या पोराला उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. दमा हटत नाही, पोर मात्र पोळते.

दुसरे औषध इप्राट्रोपियम. जोराच्या झटक्यात पहिल्या काही तासांत ते साल्ब्युटामॉलच्या जोडीने दिले, तर भरती होण्याची पाळी कमी मुलांवर येते. पण भरती झाल्यावर ते चालू ठेवून जास्त गुण दिसलेला नाही. शेजारच्या खाटेवरील आजी भारीच संतापल्या होत्या, "औषध का तोडले?" त्याचे कारण हे. मॅग्नेशियमच्या वाफेचीही ब्रिटनमध्ये पाचशेंवर मुलांवर चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. फरक पडला तो अगदी थोडा. तोंडावाटे दिलेल्या स्टेरॉइडला गुण यायला काही तास लागतात. तोवर खिंड लढवायची ती साल्ब्युटामॉलने.

म्हणून पहिले तास दवडू नयेत. मुलाला एक वाक्य पुरे बोलवेना, बरगड्यांमध्ये खळगे पडू लागले, तर सकाळच्या गाडीची वाट कसली पाहता? निघावे, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे वाटेतही पंप देत राहावा.

स्पेसर नसला तर? १९९९ साली केपटाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसवला आणि मुलांना बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायला लावला. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना तिचा गुण विकतच्या स्पेसरइतकाच आला. थर्माकोलचा पेला मात्र फुकट गेला.

तरी माझी सूचना अशी, की मंडळाच्या कपाटात एक स्पेसर आणि दोन मापांचे मास्क असावेत. पंप ज्याचा त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीने आणावा. वापरून झाल्यावर स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळू द्यावा. फडक्याने पुसू नये. पुसल्याने औषध आतल्या बाजूला चिकटून बसते.