ओट्यामागची भिंत

स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर दिवसाचे निदान दोन-तीन तास एकच देखावा असतो, आणि तो ओट्यामागच्या भिंतीचा. दिवाणखान्याला कोणता रंग द्यावा याविषयीं घरांत आठ-आठ दिवस खल चालतो. ही भिंत मात्र बहुधा दुसऱ्याच कोणीतरी ठरविलेली असते. पूर्वीच्या मालकानें, इमारत बांधणाऱ्यानें, किंवा ज्यांना नाहीं म्हणणें अवघड अशा वडीलधाऱ्या माणसांनीं.

नव्या मुंबईंत याचा अनुभव पुष्कळांना येतो. सिडको १९७० सालीं स्थापन झाली आणि वाशी, नेरूळ, बेलापूर येथें तिनें घरें उभारलीं. कडाप्प्याचा काळा ओटा आणि मागें पांढऱ्या चौकोनी फरशांच्या दोन-तीन ओळी, एवढाच त्या काळच्या साध्या स्वयंपाकघराचा थाट. पुढें हातांत पैसा खेळूं लागला, तशा द्राक्षांचे घोस, किटल्या व सफरचंदें छापलेल्या फरशा हौसेनें आल्या. आतां त्याच ओट्याशीं सून उभी राहते, आणि तीं सफरचंदें तिला नकोशीं होतात. ती बोलत नाहीं. सासूबाईंना तें न बोलतांच कळतें. कारागिराला बोलावण्यापूर्वीं हा विषय दोघींनीं एकदां चहा घेतांना मोकळेपणानें काढावा, हें सर्वांत स्वस्त काम होय.

दुसरें असें कीं, नावड फरशीची आहे कीं मळाची, याची खात्री करून घ्यावी. झिलईदार फरशी सहसा डाग धरीत नाहीं. डाग धरतें तें सांध्यांतील पांढरें सिमेंट. फोडणीचें तेल व हळद त्यांत मुरते. मग गृहिणी धुण्याचा सोडा घेऊन घासते आणि पिवळा डाग तांबडा झालेला पाहून घाबरते. त्यांत नवल नाहीं. हळदीला चुना लागला कीं कुंकू होतें, हें आजीबाईंना ठाऊकच होतें. सोडाही चुन्यासारखाच क्षार आहे. याउलट न्हाणीघरासाठीं मिळणारें तीव्र आम्ल ओतलें, तर डागाबरोबर सिमेंटही खाल्लें जातें. त्यापेक्षां जुने सांधे खरडून काढावे आणि इपॉक्सीचें मिश्रण भरावें. तें महाग पडतें, पण तेल शोषीत नाहीं. कित्येक भिंती एवढ्यानेंच पुन्हां पाहण्याजोग्या होतात.

अलीकडे सिमेंटच्या नक्षीदार फरशांची आवड परत आली आहे. भारत फ्लोअरिंग्जचा या फरशांचा उद्योग १९२२ सालीं शेजारच्या उरणांतच सुरू झाला, आणि मुंबईच्या जुन्या घरांतील त्यांची नक्षी पाहून कोणालाही मोह व्हावा. परंतु ती शोभा जमिनीची. सिमेंट सच्छिद्र असतें. शेगडीमागें लावल्यास लेप वरचेवर द्यावा लागतो, नाहींतर पहिल्याच दिवाळींत तळणीचें तेल कायमचें मुरतें.

भिंतीवर चिकटवावयाचे छापील कागद स्वस्त म्हणून लोक आणतात. सिंकच्या वर ते कांहीं दिवस टिकतात. शेगडीमागें मात्र उष्णतेनें कडा सुटतात, आणि सुटलेला कागद ज्वाळेजवळ लोंबणें धोक्याचें आहे. रंग द्यावयाचा तर झिलई घासून, योग्य अस्तर देऊनच द्यावा.

जुन्या फरशीवर नवी बसवितां येते. प्रथम लांकडी मुठीनें प्रत्येक फरशी वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला तर ती आधींच सुटलेली समजावी. झिलईवर साधें सिमेंट धरीत नाहीं, त्यासाठीं वेगळा लेप मिळतो. मात्र भिंत बोटभर पुढें येते, विजेचीं बटणें आणि नळ आंत गेल्यासारखे दिसतात, व गॅसच्या नळीची जागा अडचणीची होते. त्या नळीला कारागिरानें हात लावूं नये. तें काम गॅस कंपनीच्या माणसाचें.

फोडण्याचा निर्णय सर्वांत शेवटीं घ्यावा. भिंतींत पाण्याचे नळ व विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत हें घणाला दिसत नाहीं. सिंकचा कोपरा नीट बंद झाला नाहीं तर आपल्या नव्या भिंतीचा ओलावा खालच्या बिऱ्हाडाच्या छताला फुटतो, आणि वीस वर्षांचा शेजार महिनाभरांत बिघडतो. म्हणून सोसायटीची परवानगी तर घ्यावीच, शिवाय खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन सांगून यावें. राडारोडा कोठें जाणार हेंही ठेकेदाराला आधींच विचारावें. रात्रीं खाडीच्या कडेला, कांदळवनांत त्याच्या गोण्या रित्या करण्याचा प्रकार या शहरांत नवा नाहीं, आणि केंद्रीय नियमांप्रमाणें बांधकामाचा कचरा असा कोठेंही टाकतां येत नाहीं.

पुष्कळदां संपूर्ण भिंत काढण्याची गरजही नसते. शेगडीमागचा तीन-चार फुटांचा पट्टा बदलून तेथें साधी, एकरंगी फरशी किंवा पोलादी पत्रा बसविला, तरी नजरेसमोरचें चित्र बदलतें. द्राक्षांचा एखादा घोस कोपऱ्यांत राहिला तर सासूबाईंनाही बरें वाटतें. नव्या फरशा मोजून आणूं नयेत. चार-सहा अधिक घेऊन माळ्यावर ठेवाव्या, कारण पुढें एखादी फुटली तर तीच छटा दुकानांत पुन्हां मिळेलच असें नाहीं.