हौदातलं हिरवं पाणी
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रहिवाशांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता ‘सोसायटीची २५ वर्षे’. त्यावर बोलायला माझ्यापेक्षा जुनी मंडळी इथे बसली आहेत. मी शेवाळावर बोलणार आहे. हसू नका. आपल्या सोसायटीत आज पाच बंगल्यांत पोहण्याचे हौद आहेत आणि त्यांतले तीन हिरवे आहेत. परवा फिरायला निघालो तेव्हा मोजले.

एकेकाळी माझाही त्यात होता. मुलाने नातवंडांसाठी बांधून दिला. २० फूट लांब, १० रुंद, ४ खोल. म्हणजे साधारण २२,५०० लिटर. जन्म बँकेत गेला, त्यामुळे पहिला हिशोब केला तो विजेचा. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आठ तास चालवला तर रोजची साडेचार युनिटं. पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग कशाला? मी तो एका तासावर आणला. एप्रिलमध्ये सौ.च्या मोतीबिंदूसाठी दहा दिवस पुण्यात राहिलो, तेव्हा तोही बंद. परत येऊन बघतो तर पाणी पालकाच्या भाजीसारखं.

मे लागला, नातवंडं आली. नातीच्या भातुकलीतली पितळी कढई पहिल्या पायरीवरून घरंगळली आणि दिसेनाशी झाली. चार फूट पाणी! मी काठावर ओणवा होऊन बघतोय, तळच दिसत नाही. कढईचं काही नाही हो. पण त्या दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं आणि रात्रभर डोळा लागला नाही.

मग सुरू झाले उपाय. दुपारी बारा वाजता ब्लीचिंग पावडर टाकली. सकाळी पाणी पुन्हा हिरवं. कोणी सांगितलं, मोरचूद टाका. द्राक्षवाले चुन्याबरोबर फवारतात ना, तेच. टाकलं. पण तांबं पाण्यातून उडून जात नाही, साठत राहतं. शेवटी म्हटलं, सगळं उपसून टाकू. त्यावर सौ. म्हणाल्या, “कालव्याचं आवर्तन लांबलंय, वस्तीवरच्या बायका टँकरपाशी हंडे घेऊन उभ्या आहेत, आणि तुम्ही दोन टँकर पाणी रस्त्यावर सोडणार?” मी गप्प बसलो. इतक्या वर्षांत त्यांचा ताळा चुकलेला मला आठवत नाही.

मग नीट शिकलो. उन्हात, पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर, क्लोरीन तास-दोन तासांत उडून जातं. म्हणून ते सूर्य मावळल्यावर टाकायचं. आपलं बोअरचं पाणी जड, त्यात ब्लीचिंग पावडरीत चुना. त्यामुळे पीएच चढतो आणि ८ च्या वर गेला की क्लोरीन सुस्त पडतं. तो ७.२ ते ७.६ ला ठेवायचा. त्यासाठी ॲसिड लागतं, पण ॲसिड आणि पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका, एका बादलीतसुद्धा नाही. विषारी वायू होतो. पोरांना तर त्या कपाटाजवळ फिरकू देऊ नका.

शेवाळाला बुळबुळीत साय असते. भिंती ब्रशने घासल्याशिवाय औषध आत जात नाही. मी रोज संध्याकाळी घासायचो, मग औषध, आणि पंप चोवीस तास. मेलेलं शेवाळ करडं होऊन गाळणीत अडकतं, दाबाचा काटा चढतो, मग गाळणी उलटी धुवायची. त्याचं पाणी मी पिंपात दोन दिवस उन्हात ठेवून नारळाला घालतो. पाचव्या दिवशी कढई दिसली.

आता पंपाचं गणित, कारण माझं तिथेच चुकलं होतं. माझा पंप तासाला सुमारे ६,००० लिटर ओढतो. मला वाटायचं, पावणेचार तासांत सगळं पाणी गाळलं गेलं. तसं नसतं! गाळलेलं पाणी परत त्याच हौदात मिसळतं, तेच पुन्हा ओढलं जातं. एका फेरीत शंभरातलं त्रेसष्ट लिटरच गाळणीतून जातं, दोन फेऱ्यांत सुमारे शहाऐंशी. म्हणून उन्हाळ्यात आठ तास. शिवाय पायऱ्यांमागे पाणी निपचित पडून असतं, शेवाळाची पहिली वसाहत तिथेच.

आठ तासांची वीज महिन्याला १३५ युनिटं. त्या पाच दिवसांत पंप, पावडर, ॲसिड आणि माझी कंबर मिळून किती गेलं ते विचारू नका.

जे सभासद फक्त रविवारी पुण्याहून येतात त्यांना एक विनंती. जाताना मेन स्विच पाडून जाऊ नका. पंपाला टायमर बसवा, किल्ली माळीबुवांकडे ठेवा. त्यांना मी पाणी तपासायला शिकवलं आहे. रंगावरून क्लोरीन १ ते ३ मध्ये आहे की नाही ते आता माझ्यापेक्षा लवकर सांगतात. आणि तळ दिसत नसेल त्या दिवशी फाटकाला कुलूप, पाहुणे आलेले असले तरी.

माझ्याकडे तपासणीच्या दोन बाटल्या जास्तीच्या आहेत. सकाळी सहाला मी हौदाच्या कट्ट्यावर असतो. त्या तीन बंगल्यांतल्या मंडळींनी उद्या आपापलं पाणी तांब्यातून घेऊन या. चहा सौ. करतील, असं मी त्यांना न विचारता सांगतो आहे.