गाडीची तहान



मे महिना लागला की आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. कळमनुरीच्या पुढे, औंढ्याच्या वाटेवर किंवा सेनगावकडे जाताना एखादी गाडी लिंबाच्या सावलीत उभी असते. बॉनेट उघडे, त्यातून वाफ निघते आहे आणि कुणीतरी रिकामी बाटली घेऊन पाणी शोधत फिरतो आहे. ‘गाडी गरम झाली वाटतं,’ असे म्हणून आपण पुढे जातो. मीही असाच पुढे जात असे. २००६ च्या मे महिन्यात ती पाळी माझ्यावरच आली.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही भाईजान म्हणतो, दुपारी जेवून उठले आणि त्यांच्या छातीत कळ आली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, नांदेडला हलवा. माझ्याकडे तेव्हा एक जुनी, सेकंडहँड डिझेल गाडी होती. भाईजानचा मुलगा चालवायला बसला, त्यांना मागच्या सीटवर टेकवले आणि आम्ही निघालो. बाहेर मे महिन्याचे रणरणते ऊन. आखाडा बाळापूर मागे पडले आणि बॉनेटमधून वाफ येऊ लागली. इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा कधीचा बंद पडलेला होता. तो दुरुस्त करून घ्यावा, असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते. पुतण्या घाईघाईने उतरला. “चाचा, पाणी टाकतो, पाच मिनिटांत निघू,” असे म्हणत त्याने फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. मी ‘थांब’ म्हणेपर्यंत उकळत्या पाण्याचा फवारा त्याच्या हातावर आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

शेवटी एका टेंपोवाल्याने आम्हाला नांदेडला पोचवले. एकाऐवजी दोन रोगी दवाखान्यात दाखल झाले. भाईजान वाचले. पण त्या माळावर वाया गेलेला तासभर मी आजही विसरलेलो नाही, आणि पुतण्याच्या हातावरचा डाग तो विसरू देत नाही.

नंतर मिस्त्रींनी इंजिन खोलले. हेड वाकले होते, हेड गॅस्केट उडाली होती. रेडिएटरच्या नळ्या आतून पांढऱ्या थराने बुजून गेल्या होत्या. मिस्त्रींनी मला एवढेच विचारले, “यात काय टाकत होता?” मी म्हणालो, “पाणी. घरचंच, बोअरचं.” ते म्हणाले, “मग गाडी उन्हानं नाही, तुम्हीच मारली म्हणा.”

त्यांचे म्हणणे मला घरातल्या बंबाने समजावले. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. बंब काही वर्षे वापरला की आतून पांढरा, दगडासारखा थर धरतो. मग कितीही लाकडे घाला, पाणी लवकर तापत नाही, कारण तो थर उष्णता अडवतो. रेडिएटरमध्येही हेच होते, फक्त उलट्या दिशेने. तिथे उष्णता बाहेर टाकायची असते आणि थर ती आतच कोंडतो. रेडिएटरच्या नळ्या तर इतक्या अरुंद असतात की थोडासा थरही त्यांना पुरतो.

ही उष्णता किती असते? आपण शंभर रुपयांचे इंधन भरले तर ढोबळमानाने तीस-पस्तीस रुपयांचेच गाडी पळवण्याच्या कामी येते. तेवढेच धुरावाटे जाते आणि बाकीची बरीचशी उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या द्रवाला वाहून न्यावी लागते. इंधन पेटते तेव्हा सिलिंडरमधला वायू क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. म्हणजे तो द्रव फिरतो आहे, तोवरच इंजिन शाबूत आहे.

या द्रवालाच कूलंट म्हणतात. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन, पाणी आणि गंज रोखणारी काही द्रव्ये असतात. थंड देशांत याला अँटिफ्रीझ म्हणतात, कारण निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. मग कुणी विचारेल, हिंगोलीत कुठे बर्फ पडतो? खरे आहे. पण हेच मिश्रण उकळतेही उशिरा, आणि आतल्या धातूला गंजू देत नाही. आपल्याला त्याची गरज या दोन कारणांसाठी आहे.

आता झाकणाविषयी, कारण जीवाशी गाठ तिथेच असते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. आतला दाब वाढला की द्रवाचा उकळबिंदू वाढतो. दाबाखालचे चांगले कूलंट सव्वाशे अंशांपर्यंतही उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब एकदम उतरतो, आतल्या तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर, हातावर उसळते. शिट्टी न काढता कुकर उघडू नये, हे आपल्या घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असते. गाडीपाशी मात्र आपण ते विसरतो. नव्या गाड्यांत कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीतही बहुधा असाच दाब असतो. तेव्हा इंजिन गरम असताना तेही झाकण उघडायचे नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. सकाळी गाडी सुरू करण्याआधी, इंजिन गार असताना बॉनेट उघडा. अर्धपारदर्शक टाकीवर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. कूलंटची पातळी या दोन खुणांच्या मध्ये हवी. रंग स्वच्छ हवा, गढूळ किंवा तांबूस गंजका नको. पंधरवड्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी न चुकता हे पाहावे. दोन मिनिटांचेही काम नाही.

पातळी कमी असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट घाला. हिरवे, लाल, निळे अशा रंगांवर जाऊ नका. रंगाचा काही एक नियम नाही आणि दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र आली तर आत चिकट गाळ होऊ शकतो. डबा तयार मिश्रणाचा आहे की पाणी मिसळायचा, तेही वाचून घ्या. पाणी मिसळायचे असेल तर ते डिस्टिल्ड हवे, हापशाचे किंवा बोअरचे नको. वाटेत अडचणच आली तर पिण्याचे स्वच्छ पाणी घालून घर गाठता येते, पण घरी आल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे. कूलंटलाही वय असते. काही दोन वर्षांत बदलावे लागते, काही पाच वर्षे चालते.

पातळी वरचेवर उतरत असेल तर नुसते भरत राहू नका. कूलंट कुठेतरी जाते आहे. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा, सकाळी डाग दिसला की गळती कळते. खाली काहीच नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो किंवा ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते, तर द्रव इंजिनाच्या आतच शिरतो आहे. मग लगेच मिस्त्रींना गाठावे. रेडिएटरची जाळीही पाहावी. कापसाचे तंतू, सोयाबीनचा भुसा, मेलेले किडे यांनी ती बुजते. ट्रॅक्टरवाल्यांनी तर सुगीच्या दिवसांत ती वरचेवर साफ करावी.

आणखी एक खोड आपल्याकडे आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. हा छोटा झडपेचा भाग, इंजिन कामापुरते तापले की कूलंटला रेडिएटरकडे वाट करून देतो. तो बिघडला तर बदलावा. काढून टाकला तर इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खाते आणि आतून लवकर झिजते.

तरीही गाडी वाटेत तापलीच तर? एसी बंद करा. उन्हाळ्यात हसू येईल, पण हीटर पूर्ण सुरू करा, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. सुरक्षित जागा पाहून थांबा, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. रोगी सोबत असेल तर गाडीच्या नादी न लागता १०८ ला फोन करा किंवा दुसरे वाहन अडवा. त्या दिवशी आम्ही आधी दुसरे वाहनच अडवायला हवे होते.

शेवटी एक काळजीची गोष्ट. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात, लहान मुले सरबत समजून पितात. अमेरिकेतल्या काही राज्यांत त्यात मुद्दाम कडू द्रव्य घालण्याचा कायदा आहे. आपण एवढे तरी करावे की कूलंट शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये आणि जुने काढलेले अंगणात ओतू नये.

पुतण्या आता स्वतःची गाडी चालवतो. परगावी निघायचे असले की किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडतो. मागे बसलेल्यांना उशीर होतो म्हणून कुणी कुरकुर केली, तर तो काही बोलत नाही. फक्त बाही वर करतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)